स्टीअरिंगची सेन्सिटिव्हिटी: जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये 'क्विक रॅक' बसवल्यावर नेमकं काय बदलतं?

मोबाईलवर रेसिंग गेम खेळताना तुम्ही कधी ना कधी सेटिंगमध्ये जाऊन सेन्सिटिव्हिटीचा स्लायडर सरकवला असेलच. कमी ठेवला तर फोन अर्धा फिरवला तरी गाडी वळत नाही आणि समोरच्या भिंतीवर जाऊन आदळते. जास्त ठेवला तर वळणावर मजा येते, पण सरळ रस्त्यावर गाडी दारू प्यायल्यासारखी डुलायला लागते. मग दोन-चार रेस हरून झाल्यावर आपल्याला आपला नंबर सापडतो आणि तो आपण परत कुणाला बदलू देत नाही.

खऱ्या गाडीतही हाच स्लायडर असतो. फक्त तो पोलादाचा असतो आणि कारखान्यात एकदाच सेट होतो. त्याला म्हणतात स्टीअरिंग रेशो. १९६०-७०च्या दशकातल्या स्पोर्ट्स कार ज्यांच्याकडे आहेत, ती मंडळी हा रेशो बदलायला पाना घेऊन गाडीखाली झोपतात, जुना स्टीअरिंग रॅक काढतात आणि त्याजागी 'क्विक रॅक' बसवतात. वरवर साधं काम वाटतं. पण त्यातून गाडीचा स्वभाव किती बदलतो, काय मिळतं आणि काय जातं, हे आज नीट समजून घेऊ.

(एक कबुली आधीच देतो. माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी कोड लिहायची. कॉलेजात आमच्या टीमने एक बग्गी बनवली होती आणि तिच्या स्टीअरिंगचं काम माझ्याकडे होतं. ते कसं फसलं ते पुढे सांगतोच.)

आधी रिक्षाकडे बघा

रिक्षा किंवा स्कूटरचं हँडल दहा अंश वळवलं की पुढचं चाक दहा अंशच वळतं. मध्ये कुठलाही गिअर नाही. म्हणजे रेशो १:१.

कारमध्ये असं नसतं. स्टीअरिंगचा पूर्ण एक फेरा, म्हणजे ३६० अंश फिरवल्यावर पुढची चाकं समजा २० अंश वळली, तर रेशो झाला ३६० भागिले २०, म्हणजे १८:१. आकडा जितका लहान तितकं स्टीअरिंग 'क्विक'. १२:१ म्हणजे थोडं हलवलं की गाडी वळणार. २०:१ म्हणजे आरामात, हात फिरवत बसा.

मग कारलाही १:१ का देत नाहीत? कारण ताकद. गिअरचा साधा हिशोब आहे. हालचाल जितक्या पटीने कमी करता, जोर तितक्या पटीने वाढतो. १८:१ मध्ये तुमच्या हाताचा जोर (घर्षणात जाणारा वाटा सोडून) चाकाकडे जाईपर्यंत १८ पट होतो. १:१ ठेवलं तर उभ्या गाडीची चाकं वळवायला चार जण लागतील. पॉवर स्टीअरिंग नसलेल्या जुन्या लाल एसटीचं स्टीअरिंग आठवा. जेवणाच्या मोठ्या परातीएवढं, आणि ड्रायव्हरकाका वळणावर ते दोन्ही हातांनी ओढत, अक्षरशः अंगाने फिरवायचे. तिथे मोठा रेशोही लागायचा आणि मोठं चाकही. जुन्या स्पोर्ट्स कारची स्टीअरिंग व्हील्स आजच्यापेक्षा मोठी दिसतात ती शोभेसाठी नाहीत. तेवढा लिव्हर हवाच होता.

रॅक आणि पिनियन

रचना अगदी सोपी आहे. स्टीअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक असतं, तो पिनियन. तो एका आडव्या दातेरी पट्टीवर फिरतो, ती रॅक. पिनियन फिरला की रॅक डावी-उजवीकडे सरकते आणि तिच्या दोन्ही टोकांना जोडलेले टाय रॉड चाकांना वळवतात.

याआधी बहुतेक गाड्यांमध्ये वर्म गिअरवाले किंवा आत स्टीलच्या गोळ्या फिरणारे स्टीअरिंग बॉक्स असायचे. ते दणकट होते, पण बॉक्सपासून चाकापर्यंत दांडे आणि सांधे खूप. प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई. रॅकमध्ये ही साखळी आखूड झाली आणि हाताला रस्ता जास्त स्पष्ट कळू लागला. जॅग्वारचंच बघा. त्यांच्या एक्सके१२० मध्ये गोळ्यांचा बॉक्स होता, १९५४ साली आलेल्या एक्सके१४० मध्ये त्यांनी रॅक आणला आणि १९६१च्या ई-टाइपमध्येही तोच मार्ग धरला. ब्रिटनमध्ये अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी १९४८च्या मॉरिस मायनरसारख्या साध्या घरगुती गाडीलाही रॅक दिला होता, पुढे १९५९च्या मिनीलाही. एमजीए आणि १९६२ पासूनची एमजीबी, दोन्हींत रॅकच. म्हणून आज 'क्विक रॅक'ची बाजारपेठ सर्वात मोठी कुठे, तर या ब्रिटिश गाड्यांसाठी.

आता रेशो नेमका ठरतो कुठे? दोन ठिकाणी.

पहिलं, एका फेऱ्यात रॅक किती सरकते. समजा पिनियनला ६ दाते आहेत आणि दोन दात्यांमधलं अंतर ७.५ मिलिमीटर. तर एका फेऱ्यात रॅक ४५ मिलिमीटर सरकेल. दुसरं, चाकाच्या हबला जो छोटा दांडा असतो, स्टीअरिंग आर्म, त्याची लांबी. तो १२० मिलिमीटर धरला तर ४५ मिलिमीटरच्या सरकण्याने चाक साधारण २१ अंश वळतं. म्हणजे रेशो साधारण १७:१.

आता त्याच मापाच्या दात्यांचा पण ८ दात्यांचा पिनियन लावा. एका फेऱ्यात ६० मिलिमीटर. रेशो उतरतो १३:१ च्या थोडा खाली. हाच क्विक रॅक. बाकी काही जादू नाही. मात्र ८ दात्यांचा पिनियन आकाराने मोठा होतो, त्यामुळे नुसता पिनियन बदलून भागत नाही. जोडीच बदलावी लागते, बहुतेकदा पूर्ण रॅकच.

दुसरा रस्ता म्हणजे स्टीअरिंग आर्म आखूड करणं. इथे अमेरिकन शेव्हरोले कॉर्व्हेटचा एक मस्त प्रकार आहे. १९६३च्या मॉडेलपासून कॉर्व्हेटच्या स्टीअरिंग आर्ममध्ये कंपनीनेच दोन भोकं पाडून दिली होती. टाय रॉड लांबच्या भोकात लावला की रेशो २० च्या आसपास, आतल्या भोकात लावला की १७ च्या आसपास. म्हणजे कंपनीने हार्डवेअरमध्येच 'नॉर्मल' आणि 'फास्ट' असे दोन मोड दिले होते, फक्त मोड बदलायला बटणाऐवजी पाना लागायचा. भोक बदललं की चाकांचं अलाइनमेंट परत करावं लागतं, हे विसरणारे तेव्हाही असतील.

'लॉक टू लॉक' बघून फसू नका

गाडीच्या माहितीत रेशो क्वचितच देतात. त्याऐवजी लिहितात 'लॉक टू लॉक' इतके फेरे, म्हणजे स्टीअरिंग डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत किती वेळा फिरतं. लोक हाच आकडा घेऊन दोन गाड्यांची तुलना करतात. इथे घोळ होतो.

दोन गाड्या घ्या. दोन्हींचे तीन फेरे, म्हणजे १०८० अंश. पहिलीची चाकं दोन्ही बाजूंना ३६-३६ अंश वळतात, एकूण ७२. रेशो १५:१. दुसरीची फक्त २७-२७, एकूण ५४. रेशो २०:१. फेरे सारखेच, पण दुसरी गाडी बरीच मंद. शिवाय गल्लीत यू-टर्न घेताना तिलाच दोनदा मागे-पुढे करावं लागणार. ट्रायम्फ हेराल्ड आणि तिच्याच सांगाड्यावरची स्पिटफायर यांची चाकं इतकी वळायची की गाडी जवळपास जागेवर फिरायची. त्यामुळे त्यांचे फेरे कागदावर जास्त दिसतात, म्हणून त्या आळशी ठरत नाहीत. उलट फॉर्म्युला वनच्या गाडीत स्टीअरिंग पूर्ण एक फेराही फिरत नाही. त्यात रेशो लहान असतोच, पण चाकंही फार वळत नाहीत, हे अर्धं कारण कुणी सांगत नाही.

मग लोक क्विक रॅक का लावतात?

खरं कारण तुमच्या खांद्यात आणि मनगटात आहे. दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून, पकड न सोडता, तुम्ही साधारण अर्धा फेरा फिरवू शकता. १८० अंश. त्यानंतर हात एकमेकांत अडकतात आणि पकड बदलावी लागते.

आता गाडीचं मागचं अंग घसरलंय असं समजा. सावरायला पुढची चाकं उलट दिशेला १५ अंश वळवायची आहेत. १८:१ मध्ये त्यासाठी स्टीअरिंग २७० अंश फिरवावं लागेल, म्हणजे मध्येच हात सोडून परत पकडायचं. १२:१ मध्ये १८० अंश. हात जिथे आहेत तिथेच. आणि घसरण संपल्यावर तेवढंच परत फिरवायचं असतं, ते वेळेत झालं नाही तर गाडी दुसऱ्या बाजूला फेकली जाते. बहुतेक नवशिके याच दुसऱ्या झटक्यात जातात.

रॅली ड्रायव्हर तर प्रत्येक वळणावर मुद्दाम गाडी आडवी करतात. फोर्ड एस्कॉर्ट हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. रॉजर क्लार्क यांनी १९७२ आणि १९७६ साली ब्रिटनची आरएसी रॅली एस्कॉर्टमध्येच जिंकली आणि १९८१ साली आरी वातानेन याच गाडीतून जगज्जेते झाले. मागच्या चाकांना ताकद, मातीचा किंवा बर्फाचा रस्ता आणि गाडी सतत तिरकी. अशा गाडीत फेऱ्यावर फेरे मारायला वेळच नसतो. आजही कुणी जुनी एस्कॉर्ट रॅलीसाठी तयार करायला घेतली की यादीत क्विक रॅक अगदी वरच्या ओळींत असतो.

आता बिल बघू

फुकट काहीच नाही. रेशो १७ वरून १३ वर आणला की स्टीअरिंग एक तृतीयांशाने जड होतं. गणित सरळ आहे, ४५ ऐवजी ६० मिलिमीटर. आता बहुतेक जण याच वेळी जुनं मोठं स्टीअरिंग काढून छोटं, स्पोर्टी दिसणारं लावतात. ४०० मिलिमीटर व्यासाऐवजी ३५० चं लावलं की हाताला लागणारा जोर आणखी १४ टक्क्यांनी वाढतो. दोन्ही मिळून दीडपट. त्यावर रुंद टायर बसवले की विचारूच नका.

गाडी चालू असताना हे फार जाणवत नाही, कारण टायर गोल फिरत असताना तो वळवणं सोपं असतं. खरी परीक्षा पार्किंगमध्ये. उभ्या गाडीत रबर जमिनीवर घासून वळवायचं असतं.

आमच्या बग्गीत हेच झालं. मला वाटलं, ऑफ-रोड गाडी आहे, जितकं क्विक तितकं भारी. कॉम्प्युटरवर मस्त दिसलं. पहिल्या टेस्टला आमचा ड्रायव्हर वीस मिनिटांत उतरला आणि म्हणाला, "भाई, हात भरून आलेत, तूच चालव." मी बसलो, तर मला दहा मिनिटंही जमलं नाही.

आणि फक्त जडपणा नव्हता. दगडावर चाक आपटलं की स्टीअरिंग हातात झटका द्यायचं. हे दुसरं बिल. रॅक दोन्ही दिशांनी काम करते. तुम्ही चाकाला ढकलता तसं चाकही तुम्हाला ढकलतं, आणि रेशो जितका क्विक तितका हा उलटा झटका मोठा. जुन्या वर्म बॉक्सचा इथे फायदा होता, त्यात बाहेरून येणारा धक्का बराचसा घर्षणातच जिरायचा. म्हणूनच खडकाळ रस्त्यावर गाडी चालवणारे अनुभवी लोक सांगतात की अंगठे स्टीअरिंगच्या आत गुंडाळू नका, रिमच्या वरच ठेवा. मी ते ऐकलं नव्हतं. अंगठा आठवडाभर सुजला होता. टाईप करताना स्पेस बार डाव्या हाताने दाबत होतो.

तिसरं बिल सगळ्यात महागाचं आहे आणि ते हायवेवर येतं. ताशी १०० किलोमीटरने सरळ जाताय. गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर सव्वादोन मीटर, छोट्या स्पोर्ट्स कारला असतं तेवढं. तुम्हाला शिंक आली आणि स्टीअरिंग फक्त ५ अंश हललं. एका सेकंदात गाडी किती सरकेल? टायरची घसरण सोडून देऊन साधा भूमितीचा हिशोब केला तर:

१८:१ असेल तर सुमारे ८० सेंटिमीटर.
१५:१ असेल तर सुमारे १ मीटर.
१२:१ असेल तर सुमारे सव्वा मीटर.

प्रत्यक्षात टायर थोडे घसरतात, त्यामुळे आकडे कमी येतात, पण आपसातलं प्रमाण साधारण तसंच राहतं. ८० सेंटिमीटरला तुम्ही लेनच्या आत असता. सव्वा मीटरला शेजारच्या गाडीचा आरसा जवळ आलेला असतो. गेममध्ये सेन्सिटिव्हिटी वाढवल्यावर सरळ रस्त्यावर गाडी का डुलते, त्याचं उत्तर हेच. तुमचा अंगठा तेवढाच थरथरतो, गाडी जास्त ऐकते.

माझदाने दोन्ही विकून बघितलं

हा सगळा तोल एकाच गाडीत बघायचा असेल तर १९८९ साली आलेली पहिली माझदा एमएक्स-५ घ्या. हलकी, दोन सीटची, उघड्या छताची. ती दोन प्रकारच्या स्टीअरिंगसह मिळायची. साधं, म्हणजे पॉवर नसलेलं स्टीअरिंग १८:१, टोकापासून टोकापर्यंत साधारण ३.३ फेरे. पॉवर स्टीअरिंग १५:१, २.८ फेरे.

लक्षात आलं का? पॉवर स्टीअरिंगवाली गाडी जास्त क्विक होती. कारण उघड आहे, जोर पंप लावणार असेल तर रेशो लहान ठेवायला कंपनी मोकळी होते. आणि साधं स्टीअरिंग मंद ठेवलं ते ड्रायव्हरची दया येऊन.

आता शौकीन लोकांचा हट्ट बघा. त्यांना हवा क्विक रॅक, पण पॉवरचा मऊपणा नको. म्हणून ते पॉवरवाला रॅक घेतात, पंप आणि पट्टा काढून टाकतात आणि तेलाच्या नळ्या एकमेकींना जोडून बंद करतात. झाला १५:१ चा साधा रॅक. याला 'डीपॉवर' करणं म्हणतात. नीट करणारे त्याच्याही पुढे जाऊन रॅकच्या आतलं सील काढतात, नाहीतर प्रत्येक वळणाला आतलं तेल किंवा हवा ढकलत बसावी लागते. त्यातही एक मेख आहे. पॉवर रॅकच्या पिनियनमध्ये एक बारीक पीळ खाणारी दांडी असते. तुम्ही स्टीअरिंग फिरवलं की ती किंचित पिळते आणि त्यावरून व्हॉल्व्हला कळतं की मदत कुठल्या बाजूला द्यायची. पंप काढल्यावर मदत तर जाते, पण दांडीचा पीळ तसाच राहतो. मधोमध थोडंसं स्टीअरिंग हलवलं तर आधी पीळ भरतो, मग चाक वळतं. काही जण ही दांडी वेल्डिंग करून पक्की करतात. माझं मत विचाराल तर स्टीअरिंगच्या कुठल्याही भागाला वेल्डिंग मशीन लावण्याआधी, ते करणाऱ्याने असं काम आधी केलंय का, हे शंभरदा विचारा. इंजिन बंद पडलं तर गाडी थांबते. स्टीअरिंग तुटलं तर थांबत नाही.

सेन्सिटिव्हिटी वेगळी, लॅग वेगळा

इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण आमच्या धंद्यात हा गोंधळ रोजचा आहे. युजर म्हणतो, "अ‍ॅप स्लो आहे." स्लो म्हणजे काय? स्क्रोल कमी सरकतं, की बोट लावल्यावर उशिरा सरकतं? पहिली सेन्सिटिव्हिटी, दुसरा लॅग. उपाय पूर्ण वेगळे.

जुन्या गाडीचंही तसंच. पन्नास वर्षं जुन्या गाडीचा मालक म्हणतो, स्टीअरिंग आळशी आहे, क्विक रॅक लावतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा रेशो ठीक असतो, मध्ये ढिलाई असते. रॅक चासीला ज्या रबरी बुशांवर बसवलेली असते ती बुशं पार मऊ झालेली. स्टीअरिंगच्या दांड्यातला जोड झिजलेला. टाय रॉडच्या टोकांना प्ले आलेला. मग तुम्ही स्टीअरिंग फिरवता तेव्हा आधी रॅकच जागेवरून थोडी सरकते, ढिलाई भरते आणि मग चाक वळतं.

अशा गाडीत क्विक रॅक लावला तर काय होईल? लॅग तसाच, आणि लॅग संपल्यावर गाडी एकदम जास्त वळणार. नेटवर्क खराब असताना गेमची सेन्सिटिव्हिटी फुल करण्यासारखं. त्यामुळे कुणी जुन्या गाडीबद्दल विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी बुश, जोड, टाय रॉडची टोकं नवीन, मग टायरची हवा आणि अलाइनमेंट. एवढं करून महिनाभर चालवा. त्यानंतरही हात पुरत नसतील तर रॅकचा विचार करा. या कामाचा खर्च नव्या रॅकपेक्षा साधारणपणे कमीच येतो, आणि गाडी नवीन झाल्यासारखी वाटते.

आर्म आखूड करण्याच्या जुगाडाबद्दलही एक सूचना. त्याने रेशो बदलतोच, पण आतलं आणि बाहेरचं चाक वळणावर किती फरकाने वळतं, सस्पेन्शन खाली-वर होताना चाक आपोआप वळतं का, हे सगळंही हलतं. कॉर्व्हेटने दोन भोकं दिली ती हिशोब करून. गॅरेजमध्ये ड्रिल मशीनने तिसरं पाडणं म्हणजे चालू सर्व्हरवर थेट कोड बदलणं.

सित्रोएनचं धाडस

सगळे कंपनीवाले १७-१८ च्या आसपास घुटमळत असताना एका कंपनीने स्लायडर जवळपास टोकाला नेला. फ्रान्सची सित्रोएन, गाडी एसएम, साल १९७०. इंजिन माझेराटीचं व्ही६, आणि स्टीअरिंग टोकापासून टोकापर्यंत फक्त दोन फेरे. तेही ट्रॅकवरच्या नाही, लांबच्या प्रवासाच्या आलिशान गाडीत.

मघाचा शिंकेचा हिशोब आठवला तर ही गाडी हायवेवर चालवणं आत्महत्या वाटेल. पण त्यांनी दोन गोष्टी केल्या होत्या. एक, पूर्ण हायड्रॉलिक मदत, आणि वेग वाढेल तसं स्टीअरिंग जड होत जायचं. पार्किंगमध्ये एका बोटाने फिरणारं, आणि वेगात घट्ट, म्हणजे हात चुकून हलणंच अवघड. दोन, सोडलं की स्टीअरिंग स्वतःहून मधोमध परत यायचं, गाडी उभी असतानाही. तेलाचा दाब ते परत आणायचा. रेशो न बदलता, जोर बदलून सेन्सिटिव्हिटी ताब्यात ठेवायची अशी ही युक्ती.

किंमत? रस्त्याचा निरोप हातापर्यंत जवळपास पोचायचाच नाही. आणि पहिल्यांदा चालवणारा माणूस सवयीने जास्त फिरवायचा, गाडी झटका खायची, मग घाबरून उलटं फिरवायचा. थोड्या वेळात सवय व्हायची म्हणतात. स्पोर्ट्स कारच्या शौकिनांना मात्र हातात रस्ता लागतो, त्यामुळे हा रस्ता कुणी फारसा धरला नाही. मला तरी ती कल्पना त्या काळातल्या सगळ्यात हुशार कल्पनांपैकी एक वाटते.

बाकीच्यांनी वेगळा विचार केला. सरळ जाताना मंद आणि जास्त वळवल्यावर क्विक, असा रेशोच बदलता ठेवला तर? ऑस्ट्रेलियाचे इंजिनिअर आर्थर बिशप यांनी रॅकच्या दात्यांचा आकारच मधोमध वेगळा आणि कडेला वेगळा ठेवून हे साधलं. आज रस्त्यावरच्या कितीतरी गाड्यांत अशी रॅक असते आणि मालकांना पत्ताही नसतो. पुढे त्यात मोटर आणि कॉम्प्युटर आले. जुलै २००० मध्ये होंडाने एस२००० च्या एका आवृत्तीत वेगानुसार रेशो बदलणारं स्टीअरिंग दिलं, टोकापासून टोकापर्यंत १.४ फेरे. २००३ साली बीएमडब्ल्यूने ५ सिरीजमध्ये हळू असताना १०:१ आणि वेगात २०:१ पर्यंत जाणारी यंत्रणा आणली. आणि आता टेस्ला सायबरट्रकसारख्या गाडीत स्टीअरिंग आणि चाकामध्ये दांडाच नाही, फक्त वायर. म्हणजे स्लायडर परत सॉफ्टवेअरमध्ये आला.

तुमच्या गाडीचा रेशो मोजायचाय?

घरच्या कारवर करता येतं, खडू आणि फोन पुरे. गाडी सपाट जागी उभी करा, स्टीअरिंग सरळ. पुढच्या टायरच्या बाहेरच्या बाजूला एक सरळ लाकडी पट्टी टेकवा आणि तिच्या कडेने जमिनीवर खडूची रेघ ओढा. आता कुणाला तरी स्टीअरिंग बरोबर एक फेरा फिरवायला सांगा. फिरवताना गाडी अगदी हळू, हातभर पुढे सरकू दिली तर टायर घासत नाही. मग पट्टी परत टेकवून दुसरी रेघ. दोन्ही रेघा एकमेकींना छेदत नसतील तर पट्टीने वाढवून घ्या, वरून सरळ फोटो काढा आणि कुठल्याही कोन मोजणाऱ्या अ‍ॅपवर कोन बघा. हेच दुसऱ्या बाजूच्या चाकाला करा, कारण वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळतं. दोन्ही कोनांची सरासरी घ्या आणि ३६० ला तिने भागा.

बाबांच्या हॅचबॅकवर मी हे केलं तेव्हा आतलं चाक २२ अंश आलं आणि बाहेरचं २०. सरासरी २१, रेशो साधारण १७. सोसायटीच्या वॉचमनकाकांना वाटलं मी पार्किंगची नवी हद्द आखतोय. शेजारचे काका खाली येऊन त्या खडूच्या रेघेवरून माझ्याशी अर्धा तास भांडले.